पाच हजारांत दोघांसाठी जलरंग: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाची नववीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला ए ग्रेड मिळाली आणि यंदा ती इंटरमिजिएटला बसणार आहे. वडील पुढच्या महिन्यात बँकेतून निवृत्त होतायत. शाळेत असताना सुटलेलं चित्र त्यांना पुन्हा हातात घ्यायचंय. दोघांना मिळून पाच हजारांपर्यंत जलरंगाचं साहित्य भेट द्यायचं आहे. दुकानात लाकडी पेटीतला अठ्ठेचाळीस रंगांचा सेट दाखवलाय, सोबत बारा ब्रशचं पाकीट. घ्यावा का?

घेऊ नका. पेटी दिसते छान, वाढदिवसाच्या फोटोतही छान येते. पण तिच्यात पैसे कशाकशाला गेलेत ते बघा: लाकूड, बिजागऱ्या, आतला मखमली कप्पा, आणि ज्यातले पस्तीस रंग कधी उघडलेच जाणार नाहीत अशा ट्यूबा. कागद शून्य. मी वर्षानुवर्षं जलरंग शिकवते आहे. क्लासमध्ये नव्याने येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे अशी एक पेटी असते आणि ती जवळजवळ नवी असते. ‘चांगली आहे, खराब होईल’ म्हणून ती कपाटात राहते. जलरंगाचं साहित्य संपलं पाहिजे. न भिता संपवता येईल असंच द्या, एवढी एक कसोटी लावली तर दुकानातल्या निम्म्या गोष्टी आपोआप बाद होतात.

भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून वस्तूंच्या किमती लिहीत नाही. वाटणी मात्र सांगते. पाचातले अडीच हजार कागदाला, हजाराच्या आसपास ब्रशला, उरलेले रंगांना. लोक नेमकं उलटं करतात.

कागदावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नवशिक्याला जे ‘मला जमत नाही’ असं वाटतं, त्यातलं बरंचसं कागदाचं असतं. शाळेत मिळणारा ड्रॉइंग पेपर पाणी सोसत नाही. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, दिला की तो फुगतो, मधे डबकं साचतं, कडेला रंग आधी सुकतो आणि डाग पडतो. दुसरा थर द्यायला जावं तर वरचा पापुद्रा सुटून गोळ्या येतात. मूल म्हणतं, माझा हात वाईट. हात बरा असतो.

जलरंगाच्या कागदात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, तो कशाचा आहे. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, दुकानात त्याला सेल्युलोज म्हणतात. चांगला शंभर टक्के कापसाचा असतो. सेल्युलोजवर पाणी वरच्या वर राहून भराभर सुकतं. त्यामुळे आकाशाचा मोठा वॉश देताना तुम्ही खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत वरचं टोक वाळलेलं असतं. कॉटन पेपर ओल धरून ठेवतो, ओल्यात ओला रंग सोडायला वेळ देतो. दुसरी गोष्ट वजन. तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम) खाली जाऊ नका. दोनशेचे पॅड स्वस्त मिळतात, पण ते टेपने चारी बाजूंनी फळीवर चिकटवले तरी वर उचलतात. तिसरी गोष्ट पृष्ठभाग: हॉट प्रेस गुळगुळीत, कोल्ड प्रेस मध्यम खरखरीत, रफ म्हणजे चांगलाच दाणेदार. शिकणाऱ्याला डोळे मिटून कोल्ड प्रेस द्या. हॉट प्रेसवर वनस्पतींची बारीक चित्रं उत्तम होतात, पण नवख्या हाताखाली रंग नुसता घसरतो.

या तिन्हींच्या मागे एक चौथी गोष्ट असते, तिच्याबद्दल दुकानदार बोलत नाही. ती म्हणजे कागदाला दिलेली खळ. खळ असते म्हणून रंग कागदात बुडून न जाता वर राहतो आणि सुकल्यावरही तेजस्वी दिसतो. खळ कमी असलेला कागद टिपकागदासारखा वागतो. दुकानात नमुन्याचा तुकडा मागा, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब टिकला पाहिजे. लगेच आत शोषला गेला तर तो कागद शाईच्या लिखाणाला वापरा. भेटवस्तूंच्या दुकानात फुलांच्या पाकळ्या आणि गवताच्या काड्या घातलेला जो हातकागद मिळतो, तो बहुधा याच परीक्षेत नापास होतो. पत्रिकेला सुंदर, जलरंगाला निरुपयोगी. याचा अर्थ हातकागद वाईट असा अजिबात नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि कापडाच्या चिंध्यांपासून बनवलेल्या जाड, खळ दिलेल्या हातकागदावर आपल्याकडे भरपूर काम झालेलं आहे. थेंब लावून बघा, एवढंच.

आता ब्रँड. आर्शेस, सॉन्डर्स वॉटरफर्ड, फॅब्रियानो आर्टिस्टिको हे परदेशी कॉटन पेपर उत्तम आहेत, त्यात वाद नाही. पण आर्शेसच्या एका फुल शीटच्या पैशात विद्यार्थी दर्जाच्या रंगांचा बारा ट्यूबचा सेट येतो आणि वर रिक्षाचे पैसे सुटतात. असा कागद समोर ठेवला की नवशिका हात आखडतो. त्यापेक्षा ब्रस्ट्रो किंवा चित्रपटसारखा इथे सहज मिळणारा शंभर टक्के कॉटनचा कागद घ्या. (हो, कागदाच्या ब्रँडचं नाव खरंच चित्रपट आहे.) पॅडऐवजी सुट्ट्या शीट घ्या. फुल इम्पीरियल शीट बावीस बाय तीस इंचांची असते. ती तीन वेळा निम्मी केली की साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. चांगल्या कॉटन पेपरच्या दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणजे एका शीटमध्ये सोळा चित्रं. हिशेब असा केला की माणूस भीत नाही. दोघांना मिळून आठ-दहा शीट द्या आणि देण्याआधी निम्म्या शीटचे तुकडे करूनच द्या. पूर्ण शीट कापायला लोकांचा जीव होत नाही आणि ती गुंडाळलेल्या अवस्थेत माळ्यावर जाते.

कागद नळीसारखा गुंडाळून घरी आणू नका. दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट आणा. पावसाळ्यात तो प्लास्टिकमध्ये बंद करून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायला सांगा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत उघडा पडलेल्या कागदाची खळ जागोजाग मरते. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण वॉश दिला की अचानक गडद ठिपके उमटतात आणि मग त्याला इलाज नसतो.

चांगल्या कागदाने काय होतं ते बघायचं असेल तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर आठवा. सावंतवाडीचे हे चित्रकार. हातात निरांजन घेतलेल्या साडीतल्या मुलीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीवर धरलेल्या तळहाताच्या बोटांतून लालसर उजेड झिरपतो, ते. पुष्कळांना ते रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं. ते जलरंगात आहे. तो काळोख आणि तो उजेड थरावर थर देऊन आलेला आहे, आणि एवढे थर सोसायला खाली तसा कागद लागतो.

ब्रशचं सोपं आहे, पण तिथेच जास्त फसवणूक होते. बारा ब्रशच्या पाकिटात शून्य-शून्यपासून तीन नंबरपर्यंतचे बारके ब्रश भरलेले असतात. बारक्या ब्रशने माणूस पाण्याने रंगवत नाही, कोरत बसतो. प्रत्येकाला फक्त दोन-तीन ब्रश द्या: एक दहा किंवा बारा नंबरचा राउंड, एक सहा नंबरचा राउंड, आणि एक इंची फ्लॅट. बास. फांद्या, विजेच्या तारा, होडीचे दोर यांसाठी पुढे कधीतरी एक रिगर, म्हणजे लांब बारीक केसांचा ब्रश, घेता येईल. नंबर कंपनीगणिक बदलतात, एकाचा दहा दुसऱ्याच्या आठाएवढा निघतो. म्हणून शक्यतो ऑनलाइन घेऊ नका, दुकानात जाऊन हातात धरा. नव्या ब्रशचं टोक खळीने कडक केलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. दुकानदाराकडे वाटीभर पाणी मागा, खळ धुऊन काढा आणि मनगटाने एक झटका द्या. केस आपोआप एका टोकाला आले पाहिजेत. मग टोक नखावर वाकवून सोडा. ते सरळ व्हायला हवं. दुकानदार पाणी द्यायला तयार नसेल तर दुकान बदला. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्ट-दादरकडे चित्रकारांची ये-जा असलेली दुकानं आहेत, तिथे अशा मागणीचं कुणाला नवल वाटत नाही.

केस कसले? हल्लीचे सिंथेटिक ब्रश चांगले आहेत, सुरुवातीला तेच द्या. कोलिन्स्की सेबल म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीचे केस. पाणी पोटात धरून ठेवतात आणि टोक सुईसारखं राहतं, पण त्यातल्या एका मोठ्या राउंड ब्रशलाच तुमचं सगळं बजेट लागेल. खारीच्या केसांचा मॉप, म्हणजे जाड फुगीर ब्रश, मोठ्या वॉशला छान, फक्त त्याला कणा नसतो, म्हणून पहिला ब्रश म्हणून नको.

आणि एक सांगणं गरजेचं आहे. जुन्या लोकांकडून मुंगसाच्या केसांच्या ब्रशची तारीफ तुमच्या कानावर येईल, एखादा दुकानदार आतून काढून दाखवेलही. घेऊ नका, भेट तर मुळीच देऊ नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशचा व्यापार गुन्हा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर छापे घातले होते ते याच ब्रशसाठी. एवढं सगळं करून जो स्प्रिंगसारखा ताठपणा मिळतो, तो आज सिंथेटिकमध्ये मिळतो.

ब्रशची निगा दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगा: पाण्याच्या भांड्यात उभा सोडायचा नाही. टोक वाकतं, दांड्यात पाणी मुरून रंग तडकतो आणि पत्र्याची टोपी सैल होते. नैसर्गिक केसांच्या ब्रशला कसर लागते. त्याच्या डब्यात डांबरगोळी ठेवावी.

आता रंग. इथे तुमच्या दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत.

भाचीला परीक्षेसाठी पोस्टर कलर लागणारच आहेत. बहुतेक मुलं नक्षीकामाचं संकल्पचित्र पोस्टर कलरमध्ये करतात, कारण तिथे सपाट, अपारदर्शक, एकसारखा रंग लागतो. स्थिरचित्राला जलरंग. अडचण अशी की पोस्टर कलरची सवय लागलेली मुलं जलरंगातही पांढरा मिसळत राहतात आणि चित्र दुधाळ, मळकट होतं. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. सेटमध्ये पांढरी ट्यूब येतेच. ती काढून ठेवा म्हणावं. काळीसुद्धा. तिच्यासाठी सेट न घेता सुट्ट्या ट्यूबा घ्या: अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो किंवा प्रशियन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, पर्मनंट रोझ, लाइट रेड किंवा व्हर्मिलियन ह्यू, बर्न्ट सिएना. सात झाले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या जोडीतून राखाडीच्या इतक्या छटा निघतात की आषाढातलं आकाश, तांब्याच्या भांड्याची सावली आणि वाड्याचा काळवंडलेला दरवाजा, सगळं भागतं. हिरवा मुद्दाम दिलेला नाही. तयार सॅप ग्रीन लावलेली झाडं प्लास्टिकची दिसतात. लेमन यलोत अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएना घालून हिरवा करायला ती शिकली की कोवळं भात आणि जुना आंबा यांतला फरक तिला दाखवता येईल.

कॅमल घेतलेत तर चालेल का, हे विचाराल म्हणून आधीच सांगते: चालेल. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिन कंपनीचा हा ब्रँड. महाराष्ट्रातल्या चार पिढ्या तिच्या रंगांवर शिकल्या. फक्त ट्यूबवर काय लिहिलंय ते बघा. ‘स्टुडंट’ आणि ‘आर्टिस्ट’ या दोन वेगळ्या मालिका आहेत. स्टुडंटमध्ये रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त, त्यामुळे सुकल्यावर रंग फिका पडतो. अठरा स्टुडंट ट्यूबांपेक्षा सात आर्टिस्ट ट्यूबा कधीही चांगल्या.

ट्यूबच्या मागे एक बारीक सांकेतिक क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग पुढे कंपनीने नाव काहीही ठेवो. एका ट्यूबमध्ये एकच क्रमांक असेल तर तो रंग मिश्रणात स्वच्छ राहतो. आधीच तीन-चार क्रमांक एकत्र केलेले असतील तर तुमच्या मिश्रणात पाच-सहा होतात आणि चिखल होतो. अॅलिझरिन क्रिमसन, पीआर ८३ असेल तर टाळा, उजेडात उडतो. चमकणारा ऑपेरा पिंक मुलींना फार आवडतो, तोही उडतो. वहीत चालेल, भिंतीवर लावायच्या चित्रात नको. ज्याच्या नावापुढे ‘ह्यू’ आहे तो त्या मूळ रंगद्रव्याचा नाही, तशी छटा आणणारा स्वस्त पर्याय आहे. कॅडमियमच्या बाबतीत तर शाळकरी मुलीला ह्यूच द्यावा, कारण खरं कॅडमियम विषारी आणि मुलांना ब्रशचं टोक ओठांत धरायची खोड असते.

बाबांना मात्र ट्यूबा देऊ नका. त्यांना वड्यांचा, म्हणजे पॅनचा लहान डबा द्या. निवृत्त माणसाला चित्र सुरू करण्यातला खटाटोप नको असतो. ट्यूब पिळा, पॅलेट मांडा, झाकणं शोधा, यातच सकाळ जाते. पॅनचा डबा उघडला, दोन थेंब पाणी टाकलं की सुरू. कॉटमनचा बारा हाफ पॅनचा खिशात मावणारा डबा पुरेसा आहे. बजेट थोडं ताणता आलं तर रशियन व्हाइट नाइट्सचा बारा पॅनचा सेट घ्या. तो आर्टिस्ट दर्जाचा आहे, पॅन मोठे असतात आणि रंग पाण्याला लगेच सुटतो. दमट हवेत त्याच्या वड्या चिकट राहतात, म्हणून काम झाल्यावर डबा तासभर उघडा ठेवून मगच बंद करायचा.

बाबांसाठी त्या अडीच हजारांतून एक लहान स्पायरल वहीही काढा, ए फाइव्ह आकाराची, तीनशे जीएसएमची. ही कॉटनची नसली तरी हरकत नाही. गॅलरीतली तुळस, बाकावर बसलेला मित्र, चहाचा कप, अशा पानांसाठी. निवृत्तीनंतर जे लोक चित्र टिकवतात ते वहीवर टिकवतात, असं मी पाहिलंय. भलं मोठं इझल देऊ नका. जलरंगात पाणी खाली ओघळतं, उभ्या इझलवर ते नवशिक्याच्या हाताबाहेर जातं. टेबलावर फळी ठेवून वरच्या बाजूला डस्टर किंवा पुस्तक सरकवलं की हवा तेवढा उतार मिळतो.

बाकीच्या गोष्टी घरातून निघतात. पॅलेट म्हणून पांढरी चिनी मातीची बशी सगळ्यात उत्तम. नव्या प्लास्टिकच्या पॅलेटवर रंग थेंब-थेंब होऊन पळतो, ते दुकानदार सांगत नाही. तसं झालं तर टूथपेस्टने घासा. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचं. जुन्या सुती बनियनचा तुकडा टिश्यू पेपरपेक्षा सरस. मास्किंग टेप विकत घ्यावी लागेल, पण कागदावर लावण्याआधी कपड्यावर एकदा चिकटवून तिचा डिंक कमी करा, नाहीतर काढताना कागद सोलतो. ट्यूबचं झाकण घट्ट बसलं तर दातांनी किंवा पकडीने पिळू नका, मान फाटते. कढत पाण्यात मिनिटभर बुडवा, आतला सुकलेला डिंक विरघळतो. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागदाचा भाग पांढरा राखायला लावायचा रबरी द्रव, सध्या नकोच. बाटली लवकर घट्ट होते आणि अजाणता त्यात बुडवलेला ब्रश कायमचा जातो.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की अमेरिकेतून दीर दिवाळीला येतायत, त्यांना काही आणायला सांगू का. कागद सांगू नका. जड असतो आणि बॅगेत कोपरे दुमडतात. दहा नंबरचा एक सेबल राउंड बाबांसाठी सांगा, पण वर्षभराने, त्यांचा हात बसल्यावर. यंदा भाचीसाठी डॅनियल स्मिथ या अमेरिकन कंपनीच्या दोनच ट्यूबा सांगा, त्याही तिच्या सातांपैकी ज्या आधी संपतील त्याच रंगांच्या. दिवाळीपर्यंत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना संपलेल्या असतील, अशी माझी पैज आहे. ट्यूबा चेक-इन बॅगेत, झाकणांवर टेप लावून, झिपच्या पिशवीत.